माजघराच्या नोंदी : एका खोलीचं काम, डिसेंबर २०२४ ते सप्टेंबर २०२५

१ डिसेंबर २०२४

आजपासून या वहीत फक्त माजघराचं काम लिहायचं. घर कुडाळ तालुक्यातलं, चिऱ्याचं, उत्तराभिमुख. समोर खळं (अंगण), मग पडवी, मग माजघर, बाजूला देवघर आणि मागे स्वयंपाकघर. माजघर १६ फूट बाय ११ फूट, म्हणजे घरातली सगळ्यांत मोठी खोली, आणि तिथे कुणीच बसत नाही. आजेसासऱ्यांचं कपाट, गाद्यांची चळत, मुंबईचा फ्लॅट सोडताना आणलेला अजस्र सोफा आणि त्यावर घड्या घालायचे कपडे, एवढंच तिथे राहतं.

आठ महिने पडवी आहे म्हणून भागतं. पावसाची झड सुरू झाली की पडवी जाते आणि सहा माणसं चार खोल्यांत पांगतात. आई-बाबा, म्हणजे सासू-सासरे, त्यांच्या खोलीत, थोरली माळ्यावर, धाकटा मोबाइल घेऊन कुठेतरी. जेवायला हाक मारली की भेट. मला या खोलीत पावसाळ्याच्या संध्याकाळी सहाही जण हवे आहेत, प्रत्येक जण आपापलं काही करत असला तरी चालेल.

एक अट कामाच्या आधीच ठरलेली आहे. आमचा गणपती माजघरात बसतो. माटवी (गणपतीच्या डोक्यावरची फळं-फुलं बांधलेली चौकट) माजघराच्या तुळईला टांगली जाते, आणि भजनाला वीस-पंचवीस माणसं याच जमिनीवर मांडी घालून बसतात. त्यामुळे इथे जे येईल ते दोघांनी उचलून पडवीत नेता आलं पाहिजे. भिंतीत जखडलेलं काहीही नको. भिंतभर टीव्ही युनिट आणि एल आकाराचा सोफा या दोन गोष्टी इथेच बाद झाल्या.

८ डिसेंबर

खोलीची मापं घेऊन झाली होती, आज माणसांची घेतली. मेस्त्रींना हे नवीन होतं, पण टेप त्यांनीच धरली.

आईचे दोन्ही गुडघे बदललेले. गुडघ्यामागच्या खोबणीपासून जमिनीपर्यंत १६ इंच. दुकानातल्या सोफ्यांची बैठक १५-१६ इंच उंच असते, आणि बसल्यावर फोम दबून ती आणखी दोन इंच खाली जाते. पुढून मागे तर ती २२-२४ इंच खोल. पाठ टेकवायची तर आईचे पाय अधांतरी, पाय टेकवायचे तर पाठ मोकळी. त्यातून उठायचं म्हणजे कुणाचा तरी हात लागतो. आई स्पष्टच म्हणाल्या, "मऊ नको माका, उठाक जमाक होया." या एका वाक्यावर त्यांची खुर्ची बेतायची: बैठक दबल्यावर १८ इंच उंच, पुढून मागे १८ इंच खोल, दोन्ही बाजूंना हात, आणि ते हात बैठकीच्या पुढे दोन इंच आलेले, म्हणजे उठताना भार नीट घेता येतो. हातांच्या खाली पुढच्या बाजूला आडवी पट्टी नको, उठताना टाचा मागे जायला जागा लागते.

बाबांना डाव्या कानाने कमी ऐकू येतं. त्यांची आरामखुर्ची उजवा कान खोलीकडे राहील अशीच ठेवायची, म्हणजे पश्चिमेची भिंत त्यांच्या डावीकडे. इतकी वर्षं त्यांची खुर्ची उलट होती, आणि बाबा कुणात मिसळत नाहीत असं सगळे म्हणायचे.

मुलं जमिनीवरच असतात, त्यांना जमीनच द्यायची. लिहायला ११ इंच उंचीचं बैठं मेज, पाय मिटणारं.

२१ डिसेंबर

उजेडाचा प्रश्न. खोलीला पूर्वेला एकच खिडकी, दोन फूट बाय अडीच फूट. म्हणजे १७६ चौरस फुटांच्या खोलीला ५ चौरस फूट. नॅशनल बिल्डिंग कोडमध्ये दमट-उष्ण हवेच्या ठिकाणी खिडक्या-झरोक्यांचं क्षेत्र जमिनीच्या किमान एक षष्ठांश असावं असं सांगितलं आहे, आणि त्यात दारं धरत नाहीत. त्या हिशोबाने आम्हाला २९ हवेत.

माजघर अंधारंच असायचं, हे खरं. बाळंतिणी, धान्य, दागिने, सगळं या मधल्या खोलीत. जाड भिंती आणि कमी भोकं यामुळे ती मेमध्येही गार राहायची. तो गारवा मला घालवायचा नाही. म्हणून पश्चिमेला हात लावायचा नाही असं ठरवलं. पूर्वेची खिडकी पाच फूट बाय चार फूट करायची. मागच्या भिंतीत वरच्या बाजूला तीन फूट बाय एक फुटाचे दोन झरोके, ते मागच्या पडवीच्या सावलीत उघडतील. मिळून २६ झाले. उरलेला उजेड छपरातून, उत्तर उतारावर काचेची कौलं घालून.

मेस्त्री म्हणाले, "वैनी, उजेड इलो तर ता माजघर कसला?" आई देवघरातून म्हणाल्या, "पन्नास वर्सां काळोखात तांदूळ निवडलंय मी. येवंदे उजेड."

५ जानेवारी २०२५

खिडकीचं भोक पडलं. भिंत १५ इंच जाड. गवंड्यांनी आधी आतून छपराला टेकू दिले. मग भिंतीची बाहेरची अर्धी जाडी आडवी कापून तिथे पहिलं लिंटल बसवलं, ते पक्कं झाल्यावर आतल्या अर्ध्या जाडीत दुसरं. दोन्ही जागच्या जागी बसल्यावरच खालचे चिरे काढले. लिंटल सहा फूट चार इंच, म्हणजे भोकाच्या दोन्ही बाजूंना आठ-आठ इंच भिंतीवर टेकलेलं. चिऱ्याची भिंत दिसते तितकी आडदांड नसते, घाई केली तर वरचे थर सुटतात.

निघालेले चिरे बघण्यासारखे आहेत. चिरा खाणीतून निघतो तेव्हा मऊ असतो, कुऱ्हाडीने तासता येतो, आणि हवा लागली की घट्ट होत जातो. जुन्या भिंतीतला चिरा बाहेरून दगड आणि मध्ये अजून मऊसर. निघालेले सगळे रचून ठेवले, खळ्याच्या पायरीला लागतील.

खिडकीची खालची कड जमिनीपासून १८ इंचांवर ठेवली. भिंतीची जाडी १५ आणि फळी चार इंच आत काढली की १९ इंचांची बैठक फुकटात मिळते. थोरलीने आजच बांधकामाच्या धुळीत पोतं अंथरून जागा धरली.

१९ जानेवारी

वायरिंग. जुनी लाकडी पट्टीवरची वायर पूर्ण काढली. गिलाव्याच्या आधी चर पाडून पाइप टाकून घेतले. दिव्यांना दीड चौरस मिलिमीटर, प्लगना अडीच. नवं अर्थिंग आणि बोर्डात ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळाली की लगेच तोडणारा स्विच. पावसात भिंती ओलसर असतात अशा घरात हा नसेल तर बाकी सजावटीला अर्थ नाही.

दिव्यांच्या तीन वेगळ्या वायरी. एक सगळ्या खोलीचा उजेड. दुसरी वाचणाऱ्यांसाठी: बाबांच्या खुर्चीमागे, खिडकीजवळ आणि बैठकीच्या कोपऱ्यात. तिसरी रात्रीचा मंद दिवा, जमिनीपासून फूटभर उंचीवर, देवघर आणि मोरीच्या वाटेवर. सगळे दिवे ३००० केल्विनचे, पिवळसर. पांढऱ्या फटफटीत दिव्याखाली संध्याकाळी गप्पा होत नाहीत असं माझं ठाम मत आहे. वाचण्याच्या दिव्यांचा प्रकाश मात्र जास्त, रंग तोच.

आईंसाठी मुख्य दिव्याचं बटण दोन ठिकाणी, त्यांच्या खोलीच्या दारात आणि देवघराशी, टू-वे. अंधारात खोली ओलांडायची वेळच नको.

पंखे दोन, बीएलडीसी, प्रत्येकी तीसेक वॅटचे. साधा पंखा पंचाहत्तरच्या घरात खातो. पावसाळ्यात वीज गेली की इन्व्हर्टरवर तासांचा फरक पडतो. पाती जमिनीपासून साडेसात फुटांच्या खाली येऊ द्यायची नाहीत, म्हणून आखूड दांडी. पंख्यांची जागा माटवीची कडी सोडून. गणपतीवर पंखा नको आणि माटवीच्या तेरड्यावर तर नकोच.

२ फेब्रुवारी

या महिन्याचे पैसे भिंतींत गेले, आणि जायलाच हवे होते.

खालचे तीन फूट गिलावा मागे कधीतरी सिमेंटचा करून वर प्लास्टिक पेंट दिलेला. दरवर्षी पोपडे, दरवर्षी पुन्हा रंग. चिरा सच्छिद्र असतो. जमिनीतलं पाणी त्यातून वर चढतं आणि भिंतीच्या अंगावरून हवेत जाऊ पाहतं. सिमेंट आणि प्लास्टिक पेंटने ती वाट बंद झाली की पाणी आणखी वर चढतं, म्हणून ओलीची रेघ दरवर्षी बोटभर उंच जात होती. पेंट बदलून ती थांबणार नव्हती.

सगळं सिमेंट खरवडून काढलं. भिंत दोन आठवडे उघडी ठेवली. कळीचा चुना भिजत घातलेला होता, एकाला तीन वाळू, पातळ दोन हात. चुन्याचं काम करणारे गवंडी आता शोधावे लागतात. आम्हाला मिळाले ते सत्तरीचे, आणि सोबत नातू. नातवाला ते एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगत होते: थापी दाबू नको, फिरव. गिलावा रोज हलका ओला ठेवायचा. वरून चुन्याचीच सफेदी, चिमूटभर नीळ घालून. हात फिरवला की खडू लागल्यासारखा पांढरा होतो, म्हणून बसणाऱ्यांची पाठ टेकेल तिथे भिंतीला सतरंजीचा पट्टा अडकवायचा.

बाहेरच्या बाजूने पागोळ्यांचं पाणी भिंतीच्या पायाशी साचत होतं. तिथे उतार काढून चर खणला. ओलीचा निम्मा इलाज हाच.

१६ फेब्रुवारी

लाकूड. मे २०२१च्या तौक्ते वादळात परड्यातला फणस पडला. तेव्हाच गिरणीत नेऊन दीड आणि दोन इंचांच्या फळ्या पाडल्या होत्या आणि मांगरात मध्ये पट्ट्या घालून रचून ठेवल्या होत्या. हवेवर वाळवायचं तर इंचभर जाडीला साधारण एक वर्ष धरतात. आता पावणेचार वर्षं झाली. मेस्त्रींनी एक फळी उभी करून बोटाच्या पेराने वाजवली, कड रंध्याने सोलली आणि ढलपी वाकवून बघितली. म्हणाले, "आता ह्या लाकूड खंय जायत नाय." म्हणजे वाकणार नाही.

फणसाचं लाकूड ताजं असताना हळदीसारखं पिवळं असतं आणि वर्षागणिक तांबूस-तपकिरी होत जातं. या भागात दारं, खांब, देवांच्या मूर्ती फणसाच्याच. त्याला कीड सहजी लागत नाही. पॉलिश नको, जवसाचं तेल पुरेसं आहे. लाकडाचा रंग दहा वर्षांत कसा बदलतो ते मला बघायचं आहे.

यातून होणार: दोन दिवाण, आईंची खुर्ची, बैठं मेज, चाकांचं टीव्हीचं कपाट, खिडकीची फळी. चौकट आणि गज सागवानाचे, जुन्या दाराचं लाकूड वापरून. प्लायवूड कुठेही नाही.

९ मार्च

पहिला दिवाण उभा राहिला. सहा फूट बाय अडीच फूट, पाटीची उंची १२ इंच, वर पाच इंचांची गादी. सांगाड्याला खिळा नाही, कूस-साल (खाचेत बसणारा सांधा) आणि पाचरी. दोघांनी सहज उचलला. खाली पूर्ण मोकळं. तिथे खण करून सामान ठेवायचा आग्रह सगळ्यांचा होता. मी नाही म्हटलं. खण म्हणजे कोंदट हवा, कोंदट म्हणजे बुरशी, आणि भरलेला दिवाण गणपतीला कुणी हलवणार नाही. खालून झाडू आणि वारा दोन्ही फिरले पाहिजेत. भिंतीपासून दोन इंच सोडूनच ठेवायचा.

पायांना पितळी टोप्या. जमिनीतून वर येणारी वाळवी लाकडाला थेट भिडू नये म्हणून. भिंतीच्या कडेने औषधही मारून घेतलं आहे.

आईंनी खुर्चीच्या कच्च्या सांगाड्यावर फळी टाकून बसून बघितलं. पाच-सहा वेळा उठल्या-बसल्या. हात अर्धा इंच खाली घ्यायला सांगितले. मेस्त्रींनी तिथल्या तिथे घेतले.

चार दिवसांनी होळी. शिमगा संपेपर्यंत इथे कुणी माणूस मिळत नाही, आणि मिळू नये.

३० मार्च, पाडवा

गुढी उभारली. दुसरा दिवाण आला.

१३ एप्रिल

जमीन. खोलीला लाल कोबा आहे, जुना, मधल्या भागात पायांनी गुळगुळीत झालेला, एका कोपऱ्यात तडकलेला. व्हिट्रिफाइड फरशी घाला असं येणारा प्रत्येक जण सांगतो. पावसाळ्याच्या तोंडाला दमट, गरम हवा थंड जमिनीला लागली की पाणी सुटतं, आणि चकचकीत फरशीवर ते तसंच उभं राहतं. आईंचे गुडघे आणि ओली चकचकीत फरशी या घरात एकत्र येणार नाहीत. कोबा ठेवला. तडे लाल ऑक्साइड घालून भरले, सात दिवस पाणी मारलं, मग मेण घासलं. जोड दिसतात, दिसू देत.

२७ एप्रिल

कापड आणि गाद्या, म्हणजे माझ्या आवडीचा भाग.

कापसाची गादी सुरेख, पण तिला ऊन लागतं, आणि इथे जून ते सप्टेंबर ऊन नाही. कापूस दमट झाला की गोळे धरतो आणि वास सुटतो. म्हणून दिवाणांना रबर दिलेल्या काथ्याचा तीन इंच थर आणि वर ४० डेन्सिटीचा दोन इंच फोम. काथ्यातून हवा खेळते आणि बैठक खचत नाही. आईंच्या खुर्चीला फक्त ४० डेन्सिटीचा तीन इंच. ३२ची डेन्सिटी स्वस्त पडते, पण रोज बसण्याच्या जागेला ती टिकत नाही. लोडांत मात्र कापूस, आणि दोन उशांत सावरीचा. त्या उन्हाळ्यात भरपूर ऊन खाऊन पेटीत जातील आणि दिवाळीला बाहेर येतील.

खोळी सुती केसमेंटच्या. कापडाचा पन्हा ५४ इंच. गादी ३० इंच रुंद, दोन्ही बाजूंच्या पाच-पाच इंच धरून वरच्या भागाला ४० लागतात. खालचा भाग कुणी बघत नाही, तो मांजरपाटाचा. राहिली १४ इंचांची पट्टी. आठ इंच व्यासाच्या लोडाचा घेर २५ इंच. दोन पट्ट्या जोडून शिवण सोडली तर लोडाचा अभ्रा बरोबर निघतो. एका दिवाणाला सव्वादोन मीटर, आणि कापड जवळजवळ वाया नाही. प्रत्येक खोळीचे दोन जोड, चेन लांबीच्या पूर्ण बाजूला, म्हणजे काढताना गादीशी झटापट नको. रंग गेरूचा आणि दुसऱ्या जोडाचा निळा. कोबा लाल, भिंती पांढऱ्या, लाकूड पिवळं. यात आणखी चौथा-पाचवा रंग आणला तर खोली गजबजते.

वर टाकायला सोलापुरी चादरी. धुऊन वापरून नरम झालेल्या जुन्या, नव्या नाहीत.

पडदे नाहीत. खिडकीला दोन मजली झडपा केल्या आहेत. खालच्या बंद, वरच्या उघड्या ठेवल्या की आतलं दिसत नाही आणि उजेड येतो. पावसाळ्यात पडदे म्हणजे न वाळणारं धुणं.

४ मे

शाकारणी. सगळी कौलं उतरवली, ब्रशने शेवाळ काढलं, कुजलेल्या रिपा बदलल्या, कौलं परत चढवली. जुन्या कौलांच्या पोटावर कारखान्यांचे ठसे आहेत. धाकट्याने बसून ते कागदावर पेन्सिलीने घासून उमटवले. ही मंगळुरी कौलं. बासेल मिशनने मंगळुरात १८६५मध्ये कौलांचा कारखाना काढला आणि पुढे हा आकार सगळ्या किनाऱ्याने उचलला. कारखान्यागणिक खोबणीत किंचित फरक असतो, आणि तेवढ्या फरकातून पाणी आत येतं. म्हणून काचेची कौलं घेताना जुनं कौल पिशवीत घालून नेलं आणि खोबणीत खोबण बसवून बघूनच घेतली.

आठ काचेची कौलं उत्तर उतारावर. चौरस मीटरला साधारण १५ कौलं लागतात, म्हणजे अर्ध्या चौरस मीटरचं आकाश. खालच्या माळ्याच्या फळ्यांतली दोन फुटांची पट्टी काढून टाकली. उत्तर उतार निवडला कारण वर्षाचा बराच काळ तिथे ऊन तिरपं आणि कमी पडतं. कुडाळ सोळा अंश उत्तरेला. मेच्या पहिल्या आठवड्यापासून ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यापर्यंत दुपारचा सूर्य डोक्याच्या किंचित उत्तरेला असतो, त्या काळात ऊन जास्त आत येईल. त्यातला बराचसा काळ ढगांचाच. मेच्या तीन आठवड्यांसाठी खालून सुती कापड ओढायची सोय केली.

अकरा वाजता खोलीत दिवा न लावता पेपर वाचता आला. बाबांनी अग्रलेख वाचून दाखवला, पूर्ण.

११ मे

मांडणी. झोपाळा माजघरात आणावा अशी मुलांची मागणी होती. पाटाला पुढे-मागे तीन-तीन फूट मोकळे लागतात, ११ फुटांत सगळी खोली त्याचीच होईल. तो पडवीतच राहील.

दोन दिवाण काटकोनात, पूर्व आणि दक्षिण भिंतीला. आईंची खुर्ची देवघराच्या दाराशी, बाबांची पश्चिम भिंतीलगत. मध्ये सात फूट बाय सहा फूट रिकामी जमीन, तिथे सतरंजी. चालायच्या वाटा तीन फुटांच्या, कुणाच्या टीव्हीसमोरून न जाणाऱ्या.

टीव्ही ४३ इंची, चाकांच्या कपाटावर, दारं असलेल्या. जमिनीवर बसलेल्या मुलांचे डोळे साधारण २८-३० इंचांवर, खुर्चीतल्यांचे ४४वर. पडद्याचा मध्य ३७वर ठेवला, दोघांचीही मान ठीक राहते. दारं मिटली की ते साधं कपाट. माझ्यासाठी या खोलीतली ही सगळ्यांत मोलाची सोय आहे. टीव्ही कायम समोर उघडा असला की सगळ्या खुर्च्या आपोआप त्याच्याकडे तोंड करतात आणि माणसं एकमेकांकडे पाठ.

भिंतीवर एकच चित्र, पिंगुळीची चित्रकथी (चित्रं दाखवून कथा सांगायची लोककला). पिंगुळी इथून जवळ. तिथल्या ठाकर कलाकारांनी ही कला आणि कळसूत्री बाहुल्या टिकवून ठेवल्या, परशुराम गंगावणे यांना २०२१मध्ये पद्मश्री मिळाली. फ्रेमच्या मागे चारही कोपऱ्यांत बुचाचे तुकडे चिकटवले, म्हणजे भिंत आणि कागद यांमध्ये हवा राहते. ओल्या भिंतीला टेकलेली फ्रेम दोन पावसांत चित्र खाते.

२५ मे

पाऊस आला. मॉन्सूनची केरळातली नेहमीची तारीख १ जून. यंदा तो कालच, २४ मेला पोचला, २००९नंतर इतक्या लवकर पहिल्यांदाच, आणि आज आपल्या जिल्ह्यात देवगडपर्यंत. त्याआधीही चार-पाच दिवस धो धो पडतच होता. गावात निम्म्या घरांची शाकारणी अर्धवट आहे. ताडपत्र्यांना मागणी. आम्ही आमच्या दोन ताडपत्र्या शेजाऱ्यांकडे दिल्या.

काचेच्या कौलांखाली थेंब नाही. खिडकीच्या लिंटलवर बाहेरून छज्जा हवाच होता, तो झाला होता. वीज गेली ती दुपारपर्यंत. पंखे आणि दोन दिवे इन्व्हर्टरवर चालले.

२० जुलै

पावसातली तपासणी. ओलीची रेघ जमिनीपासून चार-पाच इंचांवर थांबली आहे. गेल्या वर्षी ती तीन फुटांवर होती. चुना तिथे काळवंडतो आणि पाऊस थांबला की परत फिका होतो, पोपडा एकही नाही. दिवाणाखाली बुरशी नाही. आजेसासऱ्यांच्या कपाटाच्या पाठीला आहे, कारण ते भिंतीला टेकून आहे. त्यालाही दोन इंच पुढे ओढलं.

खोळी धुतल्या की दोन-दोन दिवस वाळत नाहीत, दुसरा जोड म्हणून उपयोगी पडला. काथ्याला वास नाही.

संध्याकाळी सहापासून नऊपर्यंत सगळे इथेच. थोरली खिडकीत, धाकटा मेजावर गणितं, बाबा मध्येच त्याला उत्तर सांगतात आणि मी रागावते. आई कडवे वाल सोलतात, आता दिवाणावर नाही, स्वतःच्या खुर्चीत. टीव्ही लागतो, पण बातम्यांपुरता.

२४ ऑगस्ट

बुधवारी चतुर्थी. आज खोली रिकामी केली. दोन्ही दिवाण, दोन खुर्च्या, मेज, कपाट, सगळं पडवीत. मुंबईची माणसं यायच्या आधी नवरा आणि मेस्त्रींचा मुलगा अशा दोघांनी. गाद्या थेट माळ्यावर, पाहुण्यांना झोपायला त्याच लागणार. तुळईच्या जुन्या कड्यांना माटवीची चौकट बसली. कवंडळं, तवसं, नारळ, सुपारीचे शिपटे, तेरडा लावायचं काम मुलांचं.

रिकामी खोली पूर्वीपेक्षा मोठी वाटते. उजेड आणि पांढऱ्या भिंती.

१४ सप्टेंबर

भजनाला माणसं नीट मावली. पखवाजवाल्यांना भिंत हवी असते, त्यांना ती मिळाली, मध्ये दिवाण नसल्यामुळे. काळ्या वाटाण्याच्या उसळीचे दोन डाग कोब्यावर, मेणाने निघाले. चुन्याच्या भिंतीवर मुलांच्या हातांचे ठसे उठले आहेत. ते दिवाळीच्या सफेदीत जातील.

सामान परत लावताना मांडणी बदलली. आईंना त्यांची खुर्ची आता खिडकीजवळ हवी आहे, येणारं-जाणारं दिसतं म्हणून. थोरलीशी त्यांनी वाटाघाट केली: दुपार आजीची, संध्याकाळ नातीची. एक दिवाण पडवीतच ठेवावा असं बाबा म्हणतात, पुढच्या जूनपर्यंत. ठेवला.

शिल्लक कामं: खिडकीला आतून जाळीची चौकट, ऑक्टोबरात डास वाढायच्या आत. आईंच्या खुर्चीखाली खिडकीजवळचा कोबा किंचित उतरता आहे, मागच्या दोन पायांना तेवढ्या जाडीची चकती. वाचायच्या दिव्याची जागाही आता बदलायला हवी, प्लग खिडकीच्या भिंतीला आहे. सावरीच्या उशांना आणि काथ्याच्या गाद्यांना पहिल्या कडक उन्हात दोन दिवस खळ्यात टाकायचं. मुंबईचा सोफा न्यायला चुलत दीर दिवाळीनंतर टेम्पो पाठवणार आहेत.